चार बोटं उजवीकडे

आमच्या साडूंना कामाच्या ठिकाणी सगळे सावलीकर म्हणतात. ते काही त्यांचं आडनाव नाही, त्यांच्या कामावरून पडलेलं नाव आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. हे नातं मोठं विचित्र. धड भाऊ नाही, धड मित्र नाही, पण दोघेही एकाच घरचे जावई असल्यामुळे बोलायला विषय कधी कमी पडत नाही.

ते काम करतात त्या जागेला आम्ही क्रेनशाळा म्हणतो. जहाजातली खोकी धक्क्यावर उतरवणाऱ्या उंच क्रेन असतात ना, त्या चालवायला तिथे माणसं शिकतात. शाळेत खरी क्रेन एकही नाही. एका मोठ्या खोलीत क्रेनची नुसती केबिन लोखंडी चौथऱ्यावर बसवली आहे. तिच्या काचांपुढे पडदे आहेत आणि त्या पडद्यांवर कॉम्प्युटर बंदर दाखवतो. खाली धक्का, धक्क्यावर रंगवलेली पिवळी चौकट, दोरावर लोंबणारं खोकं आणि खोक्याखाली त्याची सावली. शिकणाऱ्याने दांडा हलवत खोकं त्या चौकटीत उतरवायचं. खोलीला खिडकी नाही, कारण उजेड आला की चित्र फिकं पडतं. मशीन तापू नयेत म्हणून एसी इतका गार ठेवलेला असतो की साडू बारा महिने स्वेटर घालून बसतात. चित्रात मात्र कायम भर दुपारचे बारा वाजलेले, रखरखीत ऊन आणि सूर्य बरोबर डोक्यावर. हे ऊन, तो धक्का, ते पाणी, सगळं साडूंनी स्वतः लिहिलेलं आहे. त्यातली खोक्याची सावली तर अशी काही जमली होती की शिकवणाऱ्या मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात त्यांचं सावलीकर असं नाव पाडलं, ते कायमचं चिकटलं.

लिहिलेलं म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर हा माणूस कुठे अडकला ते कळायचं नाही. माझं जुन्या कॉम्प्युटरांचं दुकान आहे, तेव्हा एवढं ज्ञान माझ्या पदरात आहे. कॉम्प्युटरच्या पोटात प्रोसेसर असतो. त्याला ठरावीक हुकूम कळतात. हे उचल, ते मिळव, याला त्याने गुण, तिकडे नेऊन ठेव. बाकी सगळी करामत या हुकमांच्या रांगा लावून केलेली असते. आता प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्या दोन, एक थोरली आणि एक धाकटी. नावं घेत नाही, दोघींचे एजंट अजून माझ्या दुकानी चहाला येतात. साधे हुकूम दोघींचे सारखेच होते. पण मग लोकांना खरीखुरी वाटणारी, लांबी-रुंदीबरोबर खोलीही दिसेल अशी चित्रं हवीशी झाली. तसल्या चित्राला गुणाकार-भागाकार एवढे लागतात की प्रोसेसरच्या नाकी नऊ येतात. तेव्हा धाकटीने डोकं चालवलं आणि एका हुकमात दोन-दोन आकड्यांचा हिशेब होईल असे नवे हुकूम काढले. थोरलीला हे कुठलं खपायला? तिने मागाहून स्वतःचे वेगळे हुकूम आणले, एका वेळी चार-चार आकड्यांचे. झालं, एकीचं बोलणं दुसरीला कळेना. धाकटीसाठी लिहिलेलं चित्र थोरलीच्या मशीनवर चढवलं की ते तोंडात गुळणी धरून बसायचं.

शहाणी माणसं दोघींनाही चालेल असं लिहायची. आमचे साडू तेव्हा नुकते कामाला लागलेले, शाळेत सगळी मशीन धाकटीची, आणि हे तर तिच्या प्रेमातच पडलेले. त्यांनी अख्खं बंदर तिच्या हुकमांत लिहिलं, तेही हाताने, एकेक हुकूम निवडून. त्या काळी लग्नकार्यात भेटले तरी मला कोपऱ्यात गाठून सांगायचे, ‘‘साडूभाऊ, काल एक हुकूम वाचवला.’’ मी म्हणायचो, ‘‘वा!’’ दुसरं काय म्हणणार? माझ्या बायकोला तर वाटायचं की हे सरकारी नोकरीत आहेत.

पुढे जग थोरलीच्या मागे गेलं. धाकटी मुकाट्याने थोरलीचे हुकूम शिकली, काही वर्षं दोन्ही बोलत राहिली आणि मग तिने आपलेच हुकूम आपल्याच नव्या प्रोसेसरांतून काढून टाकले. साडूंचं बंदर चालवू शकेल असं नवं मशीन बनायचं त्या दिवसापासून बंद झालं. जी जुनी होती तेवढीच उरली. त्यातलं एखादं बिघडलं की साडू माझ्याकडे धावत यायचे आणि मी भंगारवाल्यांचे ढीग उपसायचो. आज फोनमध्येसुद्धा याहून झकास बंदर दिसतं. पण क्रेनचा परवाना देणाऱ्या कचेरीने पसंत केलं होतं ते साडूंचं बंदर. परीक्षा त्याच्यावर, पास-नापास त्याच्यावर. आणि ते बंदर समजणारा माणूस जगात एकच होता, तो स्वेटर घालून त्या खोलीत बसला होता.

ताई म्हणजे साडूंची बायको शिक्षिका होत्या. त्यांना दूरच्या गावी मुख्याध्यापिका म्हणून बढती मिळाली. मुलीला घेऊन त्या पुढे गेल्या आणि साडू मागाहून येणार असं ठरलं. ‘‘एवढं मशीनचं मार्गी लागलं की आलोच,’’ असं म्हणाले होते. मुलगी तेव्हा ताईंच्या खांद्यालाही लागत नव्हती, आता ताईंची चप्पल तिला लहान होते. साडू सुट्टीला जायचे, पण त्यांची सुट्टी म्हणजे दावणीला बांधलेल्या जनावराची फेरी, दोर संपेपर्यंत. इकडे पडदा काळा झाला की तिकडे फोन वाजायचा.

एकदाची गोष्ट तर मी डोळ्यांनी पाहिली. मुलीच्या शाळेत नाटक होतं, त्यात तिचं मोठं काम. आम्ही दोघं नवराबायको आणि साडू एकाच बसने निघालो. बस घाट चढत होती तेवढ्यात फोन आला. साडूंनी तो ऐकला, ‘‘बरं’’ म्हणाले आणि खिशात ठेवला. मला वाटलं, या वेळी बसतील घट्ट. तर पुढच्या थांब्यावर पिशवी घेऊन उठले. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, ‘‘अहो, एक दिवस नाही शिकली माणसं तर काय जहाजं बुडतील?’’ ते म्हणाले, ‘‘बॅच बसलीय हो परीक्षेला. लांबून लांबून आलेली माणसं आहेत.’’ आणि उतरले. समोरच्या टपरीपाशी उलट्या दिशेच्या बसची वाट बघत उभा राहिलेला तो माणूस मला मागच्या काचेतून दिसत राहिला. आमची ही सगळा रस्ता बोलली नाही, आणि ती बोलत नाही म्हणजे प्रकरण गंभीर असतं. नाटक संपल्यावर मुलीने विचारलं, ‘‘काका, बाबा कुठे उतरले?’’ ‘आले का’ असं विचारलंच नाही.

एवढं करून त्यांचे साहेब काही दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर बरं झालं असतं, माणूस भांडून तरी सुटतो. डायरेक्टरसाहेब म्हणजे गोड माणूस. साडूंनी राजीनाम्याचा विषय काढला की ते स्वतः उठून चहा ओतायचे आणि म्हणायचे, ‘‘सावलीकर, तुम्हाला अडवणारा मी कोण? फक्त आमची काहीतरी सोय लावून जा.’’ ती सोय म्हणजे काय ते दोघांनाही माहीत होतं. साडू चहा पिऊन परत खोलीत जायचे.

शेवटी गेल्या वर्षी ताईंनीच विषय तोडला. त्या आमच्याकडे आल्या होत्या. जेवण झालं, ताटं उचलली आणि माझ्या देखतच त्या साडूंना म्हणाल्या, ‘‘हे बघा, आमच्या गावच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची जागा निघालीय. मी बोलून ठेवलंय. कॉलेज सुरू होईपर्यंत ते थांबतील. या वेळी आलात तर आनंदाने या. नाही आलात तर मी परत कधी विचारणार नाही. रागाने म्हणत नाहीये. दमलेय मी.’’

साडू म्हणाले, ‘‘येतो.’’

दुसऱ्या दिवशी त्यांनी डायरेक्टरांसमोर जाऊन सांगितलं की मी बंदर थोरलीच्या हुकमांत उतरवून देतो, नव्या मशीनवर, म्हणजे माझ्याविना कुणीही ते सांभाळू शकेल. परवाना कचेरीने नवं मशीन स्वीकारलं की त्याच दिवशी मला सोडा. डायरेक्टरांनी सगळ्यांसमोर शब्द दिला. नवी मशीन मी पुरवली. साडूंनी कामाला असा हात घातला की मला त्यांचे नोकरीतले पहिले दिवस आठवले. दुपारी दुकानी यायचे तर शीळ घालत यायचे. त्यांना शीळ येते हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. आमची ही म्हणाली, ‘‘भाओजी हसले की अगदी वेगळेच दिसतात.’’ खरंच दिसायचे.

काम पुरं झालं. बंदर नव्या मशीनवर जसंच्या तसं उभं राहिलं, पाणी हललं, दोर डुलला. आणि मग एके दिवशी दुपारी साडू दुकानी आले ते शीळ न घालता. स्टुलावर बसले. मी विचारलं, ‘‘काय झालं?’’

‘‘सावली जुळत नाही,’’ ते म्हणाले.

इथे मला एक जुनी गंमत सांगितली पाहिजे. बंदरावरच्या लोकांत क्रेनशाळेच्या पोरांची एक टिंगल चालते. शाळेतून नवा आलेला माणूस खोकं नेहमी जरासं उजवीकडे टाकतो. ‘‘आला बघा शाळेचा, सोडणार चार बोटं उजवीकडे,’’ असं म्हणून जुने लोक हसतात. महिन्याभरात त्याची ती खोड जाते, कुणाचं काही बिघडत नाही. आणि शाळेतले मास्तर शिकवायचेच तसं. ‘‘सावली चौकटीच्या चार बोटं उजवीकडे ठेवा, मग खोकं बरोबर मधे बसतं.’’ का, ते कुणी विचारलं नव्हतं. मास्तरांना वाटायचं केबिनच्या कोनामुळे असेल. साडूही ती टिंगल ऐकून हसायचे. घरी येऊन आम्हालाही सांगायचे.

नव्या मशीनवर सावली बरोबर खोक्याच्या खाली पडत होती. सूर्य डोक्यावर असताना ती तिथेच पडायला हवी. जुन्यावर ती चार बोटं उजवीकडे पडत होती.

‘‘म्हणजे जुनंच चुकतंय?’’ मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि समजावून सांगितलं. धाकटीकडे भागाकाराचा एक खास हुकूम होता. तो झटकन उत्तर द्यायचा, पण कच्चं. ते पक्कं करायला आणखी दोन हुकूम द्यावे लागायचे. त्या काळी मशीन हळू, मग चित्रं लिहिणारी सगळी माणसं जिथे चालून जाईल तिथे ते दोन हुकूम गाळायची आणि कच्च्यावर भागवायची. सावली तर काय, सावलीच. साडूंनीही गाळले. ‘‘काल एक हुकूम वाचवला’’ म्हणून ज्यासाठी ते मला लग्नकार्यात कोपऱ्यात ओढायचे, तेच हे. एका जागी कच्चं उत्तर वापरलं असतं तर डोळ्याला कळलंही नसतं. पण सावलीसाठी त्यांनी दोराचा एकेक तुकडा आधीच्या तुकड्यावरून मोजला होता. वरच्या तुकड्यातला केसाएवढा फरक खालच्यात, त्याचा त्याच्या खालच्यात, असं करत करत जमिनीवर पोचेपर्यंत चार बोटं झाली. खोकं स्वतः साध्या हिशेबाने मोजलेलं, ते जागच्या जागी. एवढ्या वर्षांत जी काही माणसं शिकून गेली ती सगळी साडूंची चूक पाठ करून गेली होती.

मला हसू आवरेना. म्हटलं, ‘‘अहो, मग तुम्ही सुटलात की! नवं मशीन बरोबर आहे. तपासणीला परवाना कचेरीच्या बाई येतील तेव्हा सांगून टाका, जुन्यात चूक होती, नव्यात काढली. संपलं.’’

‘‘नियम असा आहे की नवं जुन्यासारखंच दिसायला हवं,’’ ते म्हणाले. ‘‘नाहीतर आम्ही मान्य करायचं की जुनं चूक होतं. मग बाई नवं पास करतील, आणि शाळेला जुन्याबद्दल विचारतील.’’

‘‘विचारू देत. तुम्ही तोवर तिकडे कॉलेजात.’’

‘‘डायरेक्टरांना ऐकून घ्यावं लागेल.’’

‘‘ते चहा ओततील त्यांना.’’

यावर ते हसले. थोडा वेळ माझ्या दुकानातल्या फुटक्या कीबोर्डांकडे बघत बसले आणि म्हणाले, ‘‘नाही, सांगतो. खरंच सांगतो. लपवायचं काय त्यात?’’ माझ्याच फोनवरून त्यांनी ताईंना फोन लावला. तपासणीचा दिवस सांगितला आणि म्हणाले, ‘‘त्या आठवड्यात येतो मी. नाही, सुट्टीवर नाही. येतो.’’ पलीकडे ताई काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. साडूंचा चेहरा मात्र मी पाहिला. त्या माणसासाठी मला इतका आनंद झाला की मी दुकान बंद करून त्यांना कोपऱ्यावर चहाला घेऊन गेलो.

तपासणीच्या दिवशी मशीन माझी म्हणून मीही त्या खोलीत हजर होतो. सगळे कुडकुडत होते. परवाना कचेरीच्या तपासनीस बाई बारकाईने काम करणाऱ्या, बोलणं मोजकं. त्यांनी केबिनच्या बाहेर दोन पडदे शेजारी शेजारी लावायला सांगितले, डावीकडे जुनं, उजवीकडे नवं. दोन्हींत एकच खोकं, एकच दोर. मास्तरांनी दांडा हलवला. खोकी दोन्हीकडे सारखीच खाली आली. सावल्या मात्र सारख्या पडल्या नाहीत.

बाईंनी जवळ जाऊन बघितलं. मग वळून विचारलं, ‘‘या दोन्हींत बरोबर कुठलं?’’

डायरेक्टरांनी साडूंकडे पाहिलं. मास्तर मोठ्याने हसले आणि म्हणाले, ‘‘बाई, जुनंच बरोबर. केस पांढरे झाले माझे त्याच्यावर शिकवून. अख्ख्या धक्क्यावर माझी माणसं आहेत. हे नवं काहीतरी गंडलंय. काय हो सावलीकर?’’

मास्तर वाईट नव्हते. कशात काय दडलंय याची त्यांना कल्पनाच नव्हती. ते प्रेमाने साडूंकडे बघत होते, आपल्या माणसाने आपल्याला दुजोरा द्यावा तसं.

साडूंनी आधी डाव्या पडद्याकडे पाहिलं, मग उजव्या. मी मनातल्या मनात म्हणत होतो, बोला. एक शब्द आहे, ‘नवं’. तेवढा तोंडातून काढा आणि चला माझ्याबरोबर. दार उघडंच आहे.

साडू म्हणाले, ‘‘जुनं.’’

मला आधी वाटलं माझ्याच ऐकण्यात चूक झाली. पण ते पुढेही बोलले, अगदी शांतपणे, पाठ केल्यासारखं. ‘‘जुनं बरोबर आहे. नव्यात सावलीचं थोडं काम राहिलंय. मी जुळवून देतो.’’

‘‘मग आज स्वीकारता येणार नाही,’’ बाई म्हणाल्या. ‘‘जुळवा. पुढच्या वर्षीच्या फेरीत बघू.’’ त्यांनी कागदावर सही केली आणि पर्स उचलली. डायरेक्टरांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि साडूंच्या खांद्यावर हात ठेवून बाईंना म्हणाले, ‘‘हे आहेत म्हणून आम्हाला घोर नाही.’’ मास्तरांनी दुसऱ्या खांद्यावर थाप मारली. दोन्ही खांद्यांवर हात घेऊन साडू उभे होते आणि किंचित हसत होते. मला त्यांची कीव आली आणि त्याहून जास्त संताप आला.

सगळे पांगल्यावर मी त्यांना जिन्यात गाठलं. आवाज चढवायचा नाही असं ठरवून गेलो होतो, तो चढलाच. ‘‘हे काय केलंत? तुमच्या तोंडाला काय झालं होतं?’’

ते पायरीवर बसले. ‘‘मास्तर बघत होते,’’ म्हणाले.

‘‘बघू देत ना! मास्तर काय तुम्हाला गिळणार होते?’’

‘‘त्यांनी उभा जन्म चार बोटं उजवीकडे म्हणून शिकवलं. त्यांना मी काय सांगू, तुम्ही माझी चूक शिकवत होतात म्हणून?’’

‘‘सांगायचं. हसले असते. नाहीतर रागावले असते दोन दिवस.’’

स्वेटरच्या बाहीचा एक धागा सुटला होता, तो साडू बोटाला गुंडाळत राहिले. मग खाली बघत म्हणाले, ‘‘मास्तरांचं जाऊ द्या. खरं सांगू का? नवं बरोबर, असं म्हटलं असतं तर मी आयुष्यभर केलं ते चूक ठरलं असतं. दुसरं काही मी केलेलंच नाही. मला बाहेर काय येतं, साडूभाऊ? कॉलेजातल्या पोरांना मी काय शिकवणार? मला एका मेलेल्या प्रोसेसरची बोली येते. तीसुद्धा कच्ची निघाली. इथे निदान कुणाला ते माहीत नाही.’’

‘‘मला माहीत आहे,’’ मी म्हटलं.

‘‘तुम्ही घरचे आहात,’’ ते म्हणाले.

मी हात टेकले. इतकी वर्षं मला वाटत होतं की या माणसाला डायरेक्टरांनी अडकवलंय, परवाना कचेरीने अडकवलंय, त्या दोन कंपन्यांच्या भांडणाने अडकवलंय. माझी प्रत्येकाच्या नावाने बोटं मोडून झाली होती. आणि आज सगळ्यांनी दार मोकळं करून दिलं, तेव्हा यांनी आतून कडी लावली. मला रडू येत होतं, पण त्यांच्यासमोर कसं रडायचं? मी म्हटलं, ‘‘ताईंना काय सांगणार आहात?’’

‘‘तुम्ही सांगा,’’ ते म्हणाले. ‘‘मला जमणार नाही.’’

ते उठून खोलीत गेले. मी माझी हत्यारं उचलायला मागोमाग गेलो तर हे मशीनपुढे बसलेसुद्धा. आता त्यांनी काय काम काढलं आहे ते ऐका. थोरलीचं मशीन बरोबर उत्तर देतं, त्याच्याकडून ते धाकटीचं कच्चं उत्तर काढून घेणार आहेत. धाकटी कुठल्या आकड्याला किती चुकायची याची सगळी कोष्टकं बनवायची, आणि नव्या मशीनने दर वेळी आपलं बरोबर उत्तर टाकून देऊन त्या कोष्टकातलं चुकीचं उचलायचं. सावली चार बोटं उजवीकडे पडेपर्यंत. याहून अवघड काम त्यांनी जन्मात केलं नसेल, आणि हे झाल्यावर नवं मशीनही त्यांच्याशिवाय कुणाला उमगणार नाही. मी उभा होतो ते त्यांच्या लक्षातही नव्हतं. पडद्यावर भर दुपारचं ऊन पडलं होतं आणि ते मान खाली घालून टाइप करत होते.

घरी येऊन मी आमच्या हिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘‘ताईला मी नाही सांगणार. तुम्हीच सांगा, तुम्ही तिथे होतात.’’ म्हणजे तोही फोन माझ्याच गळ्यात आला. मी लावला. ताईंनी पहिल्याच रिंगला उचलला. मागे मुलीचा आवाज येत होता, कुठलंतरी कपाट सरकवत होत्या दोघी.

मी जसं घडलं तसं सांगितलं. काही झाकलं नाही, काही वाढवलं नाही. सांगून होईपर्यंत कपाट सरकवायचा आवाज थांबला होता.

मग त्यांनी विचारलं, ‘‘त्यांना अडवलं कोणी?’’

मी म्हटलं, ‘‘कोणीच नाही, ताई. कुठलं बरोबर एवढंच विचारलं होतं.’’

‘‘बरं,’’ ताई म्हणाल्या. ‘‘परवा ट्रान्सपोर्टने त्यांच्या सामानाची दोन खोकी आलीत. मी उघडली नव्हती, म्हटलं ते आल्यावर त्यांच्या हातानेच लावतील. तशीच परत पाठवते.’’